मोठ्या आतड्याचा कर्करोग : एका दीर्घ शोधाची हकीकत

आपल्या घरांतून या रोगाचे नाव घेण्याचा प्रघात नाही. वडीलधारी मंडळी ‘तो रोग’ असे म्हणतात, येथे वाढलेली मुले हिब्रूत ‘महला’ म्हणतात, आणि म्हणताना दोघांचाही आवाज खाली येतो. वास्तविक दोन्ही भाषांनी त्याला एकच नाव दिलेले आहे. कर्करोगातील कर्क म्हणजे खेकडा, आणि हिब्रूतील सर्तान म्हणजेही खेकडाच. प्राचीन ग्रीक वैद्यांना गाठीभोवती पसरलेल्या फुगीर शिरा खेकड्याच्या पायांसारख्या दिसल्या. त्यांनी तसे नाव ठेवले आणि पुढे एकामागून एक भाषांनी ते आपलेसे केले. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या बाबतीत तर संकोच दुहेरी असतो. एक रोगाचा आणि दुसरा जागेचा. शौचाच्या गोष्टी चारचौघांत कोण बोलणार?

या दुहेरी संकोचाची किंमत आमच्या घराने मोजलेली आहे. आमचे थोरले मामा १९६९ साली अलिबागेहून लोदला आले. १९९५ च्या सुक्कोथच्या सुमारास त्यांना शौचावाटे रक्त जाऊ लागले. त्यांनी मनाशी मूळव्याध ठरवून टाकली. आजोबांनाही ती होती, तेव्हा हा वारसाच, असा त्यांचा हिशेब. ताक वाढवले, इसबगोल सुरू केले, मिरची वर्ज्य केली. सुरण खावा तर लोदच्या बाजारात सुरण मिळेना, म्हणून मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांना निरोप धाडले. मामींना चौदा महिने कशाचाही पत्ता नव्हता. पुढे जिना चढताना धाप लागू लागली, चेहरा पांढुरका पडला, कमरेचा पट्टा दोन भोके आत गेला, तेव्हा मामींनी त्यांना ओढूनच कुपत होलीमच्या दवाखान्यात नेले. डाव्या बाजूच्या आतड्यात गाठ निघाली आणि यकृतावर तीन डाग.

मामांची हिब्रू कामापुरती, म्हणून दुभाष्याचे काम आमच्याकडे आले. डॉक्टरांनी विचारले, “रक्त केव्हापासून जाते?” आम्ही मराठीत विचारले. मामा खिडकीकडे पाहत म्हणाले, “झाले असतील दोनेक महिने.” आम्ही तेच हिब्रूत सांगितले. खरा आकडा त्यांनी पुढे इस्पितळातील एका रात्री स्वतःहून सांगितला. त्या वेळी तो ऐकून करण्यासारखे काही उरले नव्हते.

आम्ही व्यवसायाने शिक्षक, वैद्य नव्हे. परंतु त्या रात्रीपासून या रोगाविषयी जे मिळेल ते वाचत आलो. त्या वाचनात जी माणसे भेटली त्यांपैकी काहींची ओळख वाचकांना करून द्यावी असे वाटते. त्यांत आपले यहुदी बांधव पुष्कळ आहेत, एक खानदेशी गृहस्थ आहेत आणि आपल्या सह्याद्रीतील एक झाडही आहे.

आरंभ रक्तापासूनच करू. नेदरलंड्समधील ग्रोनिंगेन येथे इझाक व्हान डेन नावाचे यहुदी प्राध्यापक होते. ग्वायॅकम नावाच्या झाडाची राळ रक्ताच्या संपर्कात आली असता निळी होते, या गुणाचा उपयोग रक्त ओळखण्यासाठी करता येतो, असे त्यांनी १८६४ च्या सुमारास दाखविले. या निळ्या रंगाचे मोल ओळखणारा पुरुष बर्लिनमध्ये होता. त्याचे नाव इस्मार बोआस. पोझेन प्रांतात १८५८ साली जन्मलेल्या या यहुदी डॉक्टरने १८८६ साली बर्लिनमध्ये केवळ पोट व आतड्याच्या रोग्यांसाठी स्वतंत्र दवाखाना काढला. त्या काळी असा निराळा विषय असू शकतो हेच पुष्कळांना मान्य नव्हते. १८९५ साली पचनरोगांना वाहिलेले नियतकालिकही त्यांनी सुरू केले. आणि १९०१ साली त्यांनी एक महत्त्वाची गोष्ट मांडली : पोटाच्या व आतड्याच्या रोगांत डोळ्यांना न दिसणारे रक्त शौचातून जात असते, आणि ते रसायनाने शोधता येते. ‘अदृश्य रक्तस्राव’ ही कल्पना वैद्यकाला बोआस यांनी दिली. आमच्या मामांचे रक्त दिसत होते तरी त्यांनी पाहिले नाही. बोआस न दिसणारे रक्त पाहू इच्छित होते.

या माणसाचा शेवट वाचताना आम्हांला पुस्तक मिटून ठेवावे लागले. नाझी राजवटीत बर्लिनमध्ये राहणे अशक्य झाल्यावर १९३६ साली बोआस व्हिएन्नाला गेले. मार्च १९३८ मध्ये हिटलरचे सैन्य तेथेही पोहोचले. त्याच महिन्यात, ऐंशीच्या उंबरठ्यावर असलेल्या या वृद्धाने झोपेचे औषध घेऊन स्वतःचे जीवन संपविले. आज जगभर लक्षावधी माणसे जी चाचणी घरबसल्या करतात तिची मूळ कल्पना ज्याची, त्याचे नाव त्या पाकिटावर कोठेही नसते.

बोआस यांच्यानंतर ही चाचणी बराच काळ रोग्यांपुरतीच राहिली. निरोगी माणसाचीही ती करावी, हे अमेरिकेतील ओहायो राज्यातील डॉक्टर डेव्हिड ग्रीगर यांनी १९६७ साली सुचविले. त्यांनी राळ लावलेल्या कागदाच्या पट्ट्या रोग्यांना घरी दिल्या. मात्र सूचना करणे निराळे आणि तिने जीव वाचतो हे सिद्ध करणे निराळे. त्यासाठी मिनेसोटा राज्यात ४६,००० हून अधिक स्त्री-पुरुषांवर वर्षानुवर्षे पाहणी झाली. १९९३ साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला : दरवर्षी चाचणी करणाऱ्यांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू एकतृतीयांशाने घटले. पुढे राळेची जागा अधिक नेमक्या चाचणीने घेतली. जुन्या चाचणीत मटणाने किंवा मुळ्याने घोटाळा होत असे. नवी चाचणी केवळ मानवी रक्तालाच ओळखते, त्यामुळे पथ्य लागत नाही. पन्नाशी उलटली की कुपत होलीमकडून या चाचणीचे बोलावणे येते ते हेच. किती घरांत ते पाकीट न उघडता फ्रिजवर पडून असते, हे ज्याचे त्याने आठवावे.

चाचणीत रक्त आढळले म्हणजे कर्करोग झालाच असे नव्हे. मूळव्याध असू शकते, साधी जखम असू शकते. परंतु मग आत डोकावून पाहणे भाग असते. डोकावण्याचे साधनही फार जुने नाही. दक्षिण आफ्रिकेतील यहुदी कुटुंबात जन्मलेले बेसिल हर्शोविट्झ यांनी १९५७ साली काचतंतूंची लवचिक दुर्बीण तयार केली आणि पोटात पाहण्याची सोय झाली. मोठ्या आतड्यासाठी अशी दुर्बीण नुसती पाहण्यापुरती न ठेवता, तारेचा फास टाकून आतील पॉलिप कापून काढण्याचे काम १९६९ साली न्यूयॉर्कमधील बेथ इस्राएल इस्पितळात झाले. विल्यम वुल्फ आणि जपानहून आलेले हिरोमी शिन्या यांनी ते केले. न्यूयॉर्कच्या गरीब यहुदी वस्तीतील लोकांनी वर्गणी काढून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभारलेले हे इस्पितळ.

पॉलिप म्हणजे आतड्याच्या अस्तरावर उगवलेला लहान कोंब. अळंबीसारखा, कधी देठाचा, कधी पसरट. बहुतेक पॉलिप जन्मभर निरुपद्रवी राहतात. परंतु मोठ्या आतड्यातील बहुतेक कर्करोगांचा आरंभ एखाद्या पॉलिपातच होतो, आणि त्या वाटचालीला साधारणतः दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. हे एकच वाक्य वाचकांनी लक्षात ठेवले तरी आमचे लिहिणे सार्थकी लागले. दहा वर्षे चोर दाराशी बसून असतो! बाल्टिमोरचे बर्ट व्होगेलस्टाइन आणि एरिक फिअरन यांनी १९९० साली या वाटचालीतील एकेक पायरीचा उलगडा केला : पेशीतील अमुक गुणसूत्रांश बिघडतो तेव्हा कोंब फुटतो, दुसरा बिघडतो तेव्हा तो वाढतो, आणखी बिघडले की तो भिंत फोडून बाहेर पडतो.

आता घराण्याच्या प्रश्नाकडे येऊ. अमेरिकेतील मिशिगन राज्यातील ॲन आर्बर येथे ऑल्ड्रेड वॉर्थिन नावाचे विकृतिशास्त्रज्ञ होते. १८९५ साली त्यांच्याकडे कपडे शिवणारी एक बाई एके दिवशी खिन्न दिसली. त्यांनी कारण विचारले. ती म्हणाली, आमच्या घराण्यात बहुतेक सगळे आतड्याच्या किंवा गर्भाशयाच्या कर्करोगाने तरुणपणी जातात, तशीच मीही जाणार. दुसऱ्या एखाद्या विद्वानाने तिची समजूत घालून विषय सोडून दिला असता. वॉर्थिन यांनी वही काढली आणि तिच्या सर्व नातलगांची नोंद सुरू केली. ती बाई खरोखरच गर्भाशयाच्या कर्करोगाने तरुणपणी वारली. वॉर्थिन यांनी १९१३ साली ही वंशावळ प्रसिद्ध केली. जर्मनीहून अमेरिकेत आलेले हे घराणे वैद्यकाच्या इतिहासात ‘जी कुटुंब’ म्हणून ओळखले जाते.

त्यानंतर अर्धे शतक कोणी विशेष लक्ष दिले नाही. कर्करोग वातावरणामुळे होतो, रक्तातून येत नाही, असेच मत प्रबळ होते. १९६० नंतरच्या दशकाच्या आरंभी नेब्रास्कातील ओमाहा शहरी हेन्री लिंच या तरुण डॉक्टरला एक दारुडा रोगी भेटला. इतके का पितोस असे विचारता तो म्हणाला, घरातले सारे आतड्याच्या कर्करोगाने मेले, मीही मरणारच. मग का न प्यावे? लिंच यांनी त्याच्या घराण्याचा माग काढला आणि १९६६ साली पहिला लेख लिहिला. पुढे वॉर्थिन यांचे ‘जी कुटुंब’ही त्यांनी पुन्हा हुडकून काढले. त्यांच्या म्हणण्याकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले, अनुदाने नाकारली गेली. १९९३ आणि १९९४ साली या रोगास कारणीभूत असलेले दोष प्रत्यक्ष हाती लागले, तेव्हा कोठे शंका संपल्या. पेशी विभागताना वंशद्रव्याची नक्कल होते, आणि नक्कल करताना चुका होतात. शिक्षकाने तांबड्या शाईने चुका दुरुस्त कराव्यात तशी यंत्रणा पेशीत असते. या घराण्यांत ती तांबडी शाईच संपलेली असते. आज या विकाराला लिंच सिंड्रोम म्हणतात. तो कोणा एका जातीचा नव्हे. सुमारे तीनशे माणसांत एकास तो असावा असा अंदाज आहे. लिंच २०१९ साली वारले.

शिवणकाम करणाऱ्या बाईने सांगितलेली गोष्ट आणि दारुड्याने सांगितलेली गोष्ट, दोन्ही खऱ्या निघाल्या. या इतिहासातील ही जागा आम्हांला फार आवडते. माणसे आपल्या घराण्याविषयी जे सांगतात ते डॉक्टरांनी ऐकावे, आणि त्याआधी माणसांनी ते सांगावे. आपल्यापैकी किती जणांना आपले आजोबा-आजी नेमके कशाने गेले ते ठाऊक आहे? ‘पोटाच्या दुखण्याने गेले’ एवढेच आपल्याकडे सांगितले जाते. आईबाप, भाऊ-बहीण यांपैकी कोणास हा रोग झाला असेल तर आपला धोका इतरांच्या मानाने सुमारे दुप्पट धरतात, आणि तपासणी पन्नाशीची वाट न पाहता पुष्कळ आधी सुरू करावी लागते. अश्कनाझी बांधवांत सुमारे सहा टक्के लोकांच्या एका गुणसूत्रांशात धोका किंचित वाढविणारा बदल असल्याचे १९९७ साली आढळून आले. पण तो प्रामुख्याने त्यांचा प्रश्न आहे, आणि त्यावरून आपण निश्चिंत व्हावे असे काही नाही.

आहाराचा प्रश्न मात्र आपल्यासारख्या देश बदललेल्या लोकांना थेट भिडतो. जपानमधून हवाई बेटांत व अमेरिकेत गेलेल्या कुटुंबांत हा रोग वाढला, असे विल्यम हेन्झेल यांनी १९६८ साली दाखविले. रक्त तेच, ताट बदलले. इस्राएलमध्येही हेच दिसत होते. युरोप-अमेरिकेत जन्मलेल्यांमध्ये मोठ्या आतड्याचा कर्करोग पुष्कळ, आशिया-आफ्रिकेत जन्मलेल्यांमध्ये त्याहून बराच कमी, आणि येथेच वाढलेल्या पिढीत हे अंतर कमी होत गेलेले. तेल हाशोमेर येथील बारूख मोदान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली येथील रोग्यांच्या आहाराची बारकाईने चौकशी केली, तेव्हा मोठ्या आतड्याच्या रोग्यांनी चोथायुक्त पदार्थ इतरांपेक्षा कमी वेळा खाल्लेले आढळले. त्यापूर्वी चारच वर्षे, १९७१ साली, युगांडात पुष्कळ काळ काम केलेले आयरिश शस्त्रवैद्य डेनिस बर्किट यांनी असाच सिद्धान्त मांडला होता. आफ्रिकेतील खेडुतांना हा रोग क्वचितच होतो, कारण त्यांच्या अन्नातील चोथ्यामुळे मळ आतड्यात रेंगाळत नाही, असे त्यांचे म्हणणे.

पण शास्त्रात गोष्टी इतक्या सरळ चालत नाहीत. २००० साली अमेरिकेतील दोन मोठ्या प्रयोगांत चोथा वाढवूनही काही वर्षांत पॉलिप पुन्हा उगवण्याचे थांबले नाही. पुढे युरोपातील मोठ्या पाहणीत चोथा खाणाऱ्यांना हा रोग कमी होतो असेच दिसले. आज बहुतेक तज्ज्ञ चोथ्याच्या बाजूचे आहेत, पण तो एकटा रक्षणकर्ता नव्हे. मांसाविषयी निर्णय अधिक स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली सॉसेज, सलामी यांसारखे प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक ठरविले. दररोज ५० ग्रॅम असे मांस खाणाऱ्याचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. तांबडे मांस ‘बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात आहे. मद्य, तंबाखू, स्थूलपणा, मधुमेह, बैठे जीवन आणि आतड्याचा जुना दाह ही आणखी कारणे. सर्वांत मोठे कारण वय. त्याला इलाज नाही.

आमच्या आजीच्या घरी तांदळाची भाकरी, मासळी, ताज्या नारळाचा रस आणि वालाचे बिरडे हा नित्याचा आहार होता. मटण सणासुदीला. बिरड्याच्या सणाला तर बिरडे हवेच. येथे आल्यावर पांढरा पाव, तळलेले श्नित्सेल आणि शाळेच्या डब्यात सलामी आली. आम्ही कोणाला दोष देत नाही. आमच्याही मुलांच्या डब्यात तीच होती. नव्या देशात मुलांनी इतरांसारखे खावे, असे कोणत्या आईला वाटत नाही?

लक्षणांविषयी थोडक्यात परंतु स्पष्ट लिहितो. पॉलिप आणि आरंभीचा कर्करोग बहुधा कोणतेच लक्षण दाखवीत नाही. गाठ डाव्या बाजूस असेल तर तेथे आतडे अरुंद असल्याने शौचाची सवय बदलते : कधी बद्धकोष्ठ, कधी जुलाब, मळ बारीक होणे, पोट साफ न झाल्यासारखे वाटणे, उघड रक्त. गाठ उजव्या बाजूस असेल तर आतडे रुंद आणि मळ पातळ असल्याने काहीच अडत नाही. फक्त रक्त थेंबथेंब जात राहते आणि माणूस फिकट पडतो, थकतो. म्हणूनच पुरुषाला, किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीला, लोहाच्या अभावाचा पंडुरोग झाला तर नुसत्या लोहाच्या गोळ्या देऊन भागत नाही. रक्त कोठे जाते ते शोधावेच लागते. मूळव्याध असलेल्या माणसाला कर्करोगही होऊ शकतो, ही साधी गोष्ट मामांच्या हिशेबात नव्हती. अलीकडे पन्नाशीच्या आतील रोग्यांची संख्या अनेक देशांत वाढत आहे. त्यामुळे अमेरिकेत २०२१ साली तपासणीचे वय ५० वरून ४५ वर आणले गेले.

आता औषधांकडे वळू. शस्त्रक्रिया हा या रोगाचा पहिला उपचार, पूर्वीही आणि आजही. पण सुरी जेथे पोहोचत नाही तेथे काय? १९५४ साली असे आढळले की उंदरांच्या यकृतातील गाठी युरॅसिल नावाचे द्रव्य निरोगी पेशींपेक्षा अधिक वापरतात. विस्कॉन्सिन विद्यापीठातील चार्ल्स हायडेलबर्गर यांना त्यावरून युक्ती सुचली. युरॅसिलमधील हायड्रोजनचा एक अणू काढून तेथे फ्लोरिनचा बसविला, तर गाठ त्याला अन्न समजून गिळेल आणि वंशद्रव्य घडविणारे तिचे यंत्रच अडकून बसेल. आकाराने फ्लोरिन हायड्रोजनच्या जवळपास, म्हणून पेशीला फसवणूक कळत नाही. हे औषध फ्लुरोयुरॅसिल. १९५७ साली ते प्रसिद्ध झाले, १९६२ साली अमेरिकेत मान्य झाले, आणि साठ वर्षांहून अधिक काळ लोटला तरी या रोगाच्या उपचारात त्याला बाजूस सारता आलेले नाही. गोळीच्या रूपात मिळणारे कॅपेसिटाबीन शरीरात गेल्यावर तेच होते.

मामांना १९९७ साली हेच दिले गेले, फोलिनिक ॲसिडची जोड देऊन. त्या जोडीने फ्लुरोयुरॅसिलची पकड घट्ट होते. महिन्यातून पाच दिवस शिरेवाटे. तोंड सोलून निघे, जुलाब लागत; मामी भाताची पेज भरवीत. काही थोड्या माणसांच्या शरीरात हे औषध मोडून टाकणारे द्रव्य जन्मतःच अपुरे असते आणि त्यांना नेहमीची मात्राही जीवघेणी ठरू शकते. त्यासाठी आता उपचारापूर्वी तपासणी करता येते. २०२० पासून युरोपात तशी शिफारसच आहे. घरात कोणाला हे औषध सुरू होणार असेल तर डॉक्टरांना याविषयी अवश्य विचारावे.

शस्त्रक्रियेनंतर रोग परतू नये म्हणून औषध देण्याचा लाभ मेयो क्लिनिकचे चार्ल्स म्योर्टेल यांनी १९९० साली दाखविला. गाठ लसिकाग्रंथींत पोहोचलेल्या रोग्यांत मृत्यू एकतृतीयांशाने घटले. फ्लुरोयुरॅसिलबरोबर त्यांनी लेव्हामिसोल वापरले होते, म्हणजे चक्क मेंढ्यांचे जंताचे औषध! माणसासाठी त्याची किंमत मेंढीच्या कित्येक पट लावली गेली तेव्हा म्योर्टेल यांनीच जाहीर टीका केली. पुढे लेव्हामिसोल मागे पडले आणि त्याची जागा फोलिनिक ॲसिडने घेतली.

आता ते खानदेशी गृहस्थ. मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ साली नंदुरबारचा. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून ते अमेरिकेस गेले आणि नॉर्थ कॅरोलायनातील संशोधन संस्थेत मन्रो वॉल यांचे सहकारी झाले. या दोघांनी एका चिनी झाडापासून कॅम्प्टोथेसिन नावाचे द्रव्य वेगळे केले. १९६६ साली त्याची रचना प्रसिद्ध झाली. सुरुवातीच्या प्रयोगांत त्याने रोग्यांचे मूत्राशय सोलून निघू लागले आणि ते बाजूस ठेवावे लागले. दरम्यान १९७२ साली भारतीय शास्त्रज्ञांना तेच द्रव्य सह्याद्रीत वाढणाऱ्या एका लहानशा झाडात विपुल सापडले. आपल्या घाटांत त्याला नरक्या म्हणतात. त्याला येणाऱ्या दुर्गंधीमुळे शास्त्रज्ञांनीही लॅटिनमध्ये त्याला तसेच नाव ठेवले होते. कोकणातून घाट चढताना आपल्या वाडवडिलांनी नाक मुरडून ज्याला टाळले असेल, त्या झाडाच्या खोडात हे औषध होते. नंतर जगाची मागणी वाढली आणि नरक्याची इतकी तोड झाली की त्याच्या अस्तित्वाचीच काळजी निर्माण झाली. जपानमध्ये या द्रव्यात फेरबदल करून इरिनोटेकान तयार झाले. अमेरिकेत ते १९९६ साली मान्य झाले. मामांपर्यंत ते वेळेत पोहोचले नाही. वाणी २०२० साली पंचाण्णव वर्षांचे होऊन वारले.

दुसरे औषधही जपानचेच. नागोया येथे योशिनोरी किदानी यांनी १९७६ साली प्लॅटिनम धातूपासून ऑक्झालिप्लॅटिन बनविले. ते घेणाऱ्याला फ्रिजमधील बाटली हातात धरवत नाही, गार पाणी पिताना घशात काटे टोचतात. बोटांची बधिरता कधीकधी कायमची राहते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगाने शस्त्रक्रियेनंतरच्या उपचारात त्याचे स्थान पक्के केले. अलीकडे काही रोग्यांना सहा महिन्यांऐवजी तीन महिन्यांचा उपचार पुरतो असेही दिसून आले आहे.

२००४ हेच वर्ष आणखी दोन औषधांचे. रब्बींचे चिरंजीव असलेले बॉस्टनचे ज्युडा फोकमन यांनी १९७१ साली म्हटले होते की गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या खेचून आणते. त्या तोडल्या तर गाठ उपाशी राहील. लोक हसले. बेव्हासिझुमॅब त्याच कल्पनेवर उभे आहे. दुसरे सेटक्सिमॅब. त्याच्या कथेत रेहोवोत येथील वाइझमान संस्था आहे. मिखाएल सेला, एस्थर हुर्विट्झ आणि एस्थर अबूद-पिराक यांनी १९८८ साली दाखविले की गाठीच्या वाढीची खूणगाठ बंद करणारे प्रतिद्रव्य नेहमीच्या औषधांबरोबर दिले असता दोन्हींचा परिणाम वाढतो. या कल्पनेचे पेटंट मात्र अमेरिकेत भलत्यांच्याच नावे झाले. प्रकरण न्यूयॉर्कच्या न्यायालयात गेले आणि २००६ साली न्यायाधीशांनी खरे जनक वाइझमानचे हे तिघेच, असा निकाल दिला. २००८ साली आणखी कळले की गाठीतील एका विशिष्ट गुणसूत्रांशात बिघाड असेल तर सेटक्सिमॅबचा काही उपयोग होत नाही. तेव्हापासून आधी गाठीची परीक्षा, मग औषध.

या सर्वांचा जमाखर्च असा : रोग इतरत्र पसरलेला असेल तर उपचाराविना साधारण सहा महिने, केवळ फ्लुरोयुरॅसिलच्या काळात वर्षभर, आणि आता योग्य रोग्यांत सुमारे अडीच वर्षे. हे मधले आकडे आहेत. काही जण पुष्कळ अधिक जगतात, आणि यकृतावरील डाग शस्त्रक्रियेने काढता आले तर काही पूर्ण बरेही होतात.

शिवणकाम करणाऱ्या त्या बाईच्या घराण्याकडे शेवटी परत यावे लागते. ज्या गाठींत तांबडी शाई संपलेली असते त्यांत चुका इतक्या साचतात की शरीराच्या पहारेकऱ्यांना त्या परक्या वाटू लागतात. पहारेकऱ्यांना रोखून धरणारी कडी काढली की ते तुटून पडतात. या तत्त्वावरील पेम्ब्रोलिझुमॅब अशा गाठींसाठी २०१७ साली मान्य झाले, गाठ कोणत्याही अवयवातील असो. २०२२ साली न्यूयॉर्कमध्ये अशाच प्रकारच्या गुदाशयाच्या गाठी असलेल्या पहिल्या बारा रोग्यांना त्याच जातीचे दुसरे औषध दिले, तेव्हा बाराही जणांच्या गाठी शस्त्रक्रियेविना नाहीशा झाल्या. पिढ्यान्‌पिढ्या ज्या दोषाने ते घराणे मारले गेले, त्याच दोषामुळे ही औषधे तेथे लागू पडतात. मात्र असा दोष असलेल्या गाठी एकूण रोग्यांत थोड्याच असतात.

मामा १९९८ च्या पेसाहपूर्वी गेले. त्यांची थोरली मुलगी, आमची मामेबहीण, अशदोदला असते. वडिलांचे वय आणि रोग तिने डॉक्टरांना सांगितला, तेव्हा चाळिशीतच तिची कोलोनोस्कोपी झाली. दोन पॉलिप निघाले, त्यांतला एक बोराएवढा. दोन्ही त्याच वेळी काढून टाकले. त्यानंतर ठराविक वर्षांनी ती तपासणी करवून घेते. गेल्या खेपेस काही निघाले नाही. हे तिने आम्हांला बसमधून फोनवर सांगितले, मोठ्याने, मराठीत, आणि शेजारी बसलेल्या बाईने विचारले तेव्हा हिब्रूतही.